मिक्श्चर, पुडी आणि वन्संची खोली

तीर्थरूप वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार, आणि वाकताना कंबरेत जी कळ आली तीही तुमच्याच चरणी वाहिली असं समजा. गुडघे काय म्हणतात? उजव्या डोळ्यापुढचं धुकं तेवढंच आहे, की आता डाव्यानंही संप पुकारलाय? अक्षर मुद्दाम कोटाच्या बटणाएवढं काढतेय, म्हणजे हे पत्र तुम्हाला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागणार नाही. ह्यातलं निम्मं तिच्या कानावर पडण्यासारखं नाही. (आणि तीच वाचत असेल तर बाई, नमस्कार. मागच्या खेपेला झग्याची उंची तुम्हीच चुकीची सांगितली होती, माझी टेप चुकली नव्हती.) इकडे सगळं ठीक. तुमच्या भावाचा रक्तदाब ठीक, माझ्या मशीनला नवा पट्टा घातलाय, नळ गळत होता तो आता निराळ्या जागी गळतो.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. चारच ओळी. घरात उंदीर पाळल्याचं कळलं, तेही माझ्या खोलीत, ते तिथे असेपर्यंत मी यायची नाही, डोळा गेला तरी बेहत्तर, कळावे. (तुमचं ‘कळावे’ नेहमी दार आपटल्यासारखं येतं.) वन्सं, मी आधीच सांगून टाकते की मी सर्वस्वी तुमच्या बाजूची आहे. प्राणी आणि शिवणकाम एका घरात नांदायचे नाहीत हे मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं. पण पुढच्या महिन्यात बारा तारखेला तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, ती तारीख मिळवायला तुमच्या भावानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीन खेपा घातल्यात. तेव्हा नाही म्हणण्याआधी सगळी हकीकत ऐकून घ्या, एवढंच माझं मागणं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही बोलता, हे ‘हं’ म्हणतात आणि मी मागून काय म्हणाल्या, काय म्हणाल्या करत राहते. पत्र मध्येच तोडता येत नाही.

पहिली गोष्ट, ते उंदीर नव्हेत. त्यांना गिनीपिग म्हणतात. नाव ऐकून मलाही वाटलं होतं की हे डुकराचं पिल्लू असणार आणि मोठं झालं की दारातून बाहेर काढायला चार माणसं लागणार. पण प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांचा डुकराशी काही संबंध नाही आणि गिनी नावाच्या देशाशीही नाही. मग हे नाव ठेवलं कुणी, असं मी विचारलं, तर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. उंदराच्या लांबच्या नात्यातले आहेत म्हणे. आता लांबच्या नात्यातले कोण कोण आहेत हे बघायला गेलं तर तुमचे ते दीर, ज्यांनी आमच्या लग्नात दोनदा जेवून घेतलं, त्यांच्याबद्दलही बोलावं लागेल. दिसायला विटेएवढे, शेपटी अजिबात नाही, कान गळालेल्या पाकळीसारखे, आणि चेहऱ्यावर सतत असा भाव की आत्ताच कुणीतरी आपलं नाव घेतलं. बिळात जात नाहीत, भिंतीवर चढत नाहीत, एवढंच काय, एक वीत उंचीच्या पुठ्ठ्यावरूनही उडी मारत नाहीत. मी करून पाहिलंय.

दुसरी गोष्ट, मूळ दोष तुमचा आहे. रागावू नका. दवाखाना बंद झाला तेव्हा त्याला काहीतरी व्याप लावून दे, नाहीतर घरात बसून गंजेल, असं तुम्हीच म्हणाला होतात. अडतीस वर्षं एका खिडकीमागे उभं राहून ह्यांनी मिक्श्चरच्या बाटल्या भरल्या, त्यांना कात्रीने खाचा मारलेल्या कागदी पट्ट्या डकवल्या, पुड्या बांधल्या, लाल अक्षरांत ‘घेण्यापूर्वी बाटली हलवावी’ लिहिलं. मग डॉक्टर थकले, औषधं सगळी कारखान्यातून पाकिटात यायला लागली आणि एका शनिवारी खिडकीला फळी लागली. जाताना डॉक्टरांनी प्रत्येकाला काही ना काही दिलं. ह्यांच्या वाट्याला दोन वस्तू आल्या: पुड्या तोलायचा चिमुकला पितळी तराजू, त्याच्या वजनांच्या पेटीसकट, आणि तान्ह्या मुलांचा वजनकाटा. आमच्या घरात त्या काट्यात निजवायला कधी कुणी आलंच नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे, असो. मी त्यावर अस्तराचं कापड ठेवत होते. आणि हे खिडकीपाशी बसून ती पितळी वजनं पुसत होते. रोज. त्यांच्यावर तोलायला काहीच नव्हतं, तरी रोज. बोलणं तर असं आटलं की मी शेवटी कापायच्या टेबलावर खडूने रेघा मारून शब्द मोजायला लागले. दिवसाचे अकरा. त्यातले सात ‘हं’, दोन ‘नको’, एक ‘मीठ’ आणि एक ‘येतो’. मला रडू यायचं, पण गिऱ्हाईक समोर असताना टाचण्या तोंडात असतात, रडता येत नाही.

तर तीन महिन्यांपूर्वी मी ह्यांना दोन चेनी आणि निळ्या दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं. दीड तासानं परत आले ते हातात भोकं पाडलेलं खोकं घेऊन. चेनी नाहीत, रीळ नाही. झालं असं की चेनीवाल्याच्या शेजारी पक्षी-मासे विकणाऱ्याचं दुकान आहे, आणि तो दुकानदार दारातच सुकं गवत तोलत होता. ह्यांनी जाता जाता पाहिलं की त्याच्या काट्याची सुई मुळातच शून्याच्या पुढे उभी आहे. अडतीस वर्षं ग्रॅम ग्रॅम तोललेला माणूस, त्याला हे कसं सोसणार! तिथेच थांबले आणि म्हणाले, तुमचा काटा चुकतोय. (चक्क तीन शब्द, तेही परक्या माणसाला!) दुकानदार चिडून म्हणाला, मग तुम्हीच करा नीट. ह्यांनी केला. खिशातल्या नाण्याने मागचा स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली, पण खात्री करायला ठाऊक वजनाची वस्तू हवी. दुकानदारानं पिंजऱ्यातून हे दोन उचलून काट्यात ठेवले, म्हणाला, दोघे भाऊ आहेत, आजच सकाळी तोलले होते. ते दोघे काट्यात अंग चोरून एकमेकांना चिकटून बसले आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. पुढचं मला कुणी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, एकाला परत ठेववेना आणि दुसऱ्याला एकटं ठेववेना. मी शब्द मोजायचेच विसरले.

आता मी तुमच्या बाजूची असले तरी खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात माझं शिवणाकडे लक्ष नव्हतं. आपण त्यांना बघतोय की ते आपल्याला, हेच कळेना. एक तपकिरी-काळा-पांढरा सगळा मिसळलेला, म्हणून ह्यांनी त्याचं नाव मिक्श्चर ठेवलं; दुसरा पांढरा आणि बारीक, ती पुडी. (नावं ठेवताना ह्यांना हसताना पाहिलं. दात दिसले.) दोघं झोपतात कधी, हा मला पडलेला पहिला प्रश्न, कारण डोळे मिटतच नाहीत. एका दुपारी मी हातातलं काम टाकून चाळीस मिनिटं पुडीच्या डोळ्यांत डोळे घालून बसले. तो झोपलेला होता असं ह्यांचं म्हणणं. मग मला काय बघत होता? दुसरा प्रश्न फ्रिजचा. फ्रिजचं दार उघडलं की आतल्या खोलीतून वीऽऽक वीऽऽक अशा शिट्ट्या येतात की कुकर झक मारेल. कपाटाचं दार उघडलं तर चूं नाही. मी कपाट हळू उघडलं, जोरात उघडलं, फ्रिज पाठीने ढकलून उघडला. त्यांची एकदाही फसगत झाली नाही. फोनवर त्या दिवशी मागे कोण शिट्ट्या मारतंय असं तुम्ही विचारलंत ना, ते हेच, आणि तिथेच माझी जीभ घसरली. तिसरा प्रश्न पावलांचा. ह्यांच्या पावलांना ते शिट्टी घालतात, माझ्या पावलांना नाही. मी ह्यांच्या चपला घालून, ह्यांच्यासारखी जरा उजवीकडे कलून चालत गेले. दोघांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गवत चावायला लागले. माझा असा अपमान माझ्या सासूबाईंनीही केला नव्हता.

एक गोष्ट लिहू की नको असं करत होते, पण तुम्ही नंतर दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगते. ते आपल्याच लेंड्या खातात. सगळ्या नाही, निवडून! मी कपाळाला हात लावला. ह्यांनी मात्र शांतपणे समजावलं की गवतातलं सगळं सत्त्व एका डोसात अंगी लागत नाही, म्हणून त्यांना तोच डोस दोनदा घ्यावा लागतो. इतक्या आदराने सांगितलं की मला शिसारी यायची राहूनच गेली. शिवाय त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, हे कळल्यावर तर तुमच्या भावाच्या डोळ्यांत चमकच आली. कुणालातरी रोजचा डोस लागणार होता. ढोबळी मिरचीच्या चिरा सकाळी किती, संध्याकाळी किती, हे वहीत लिहिलं गेलं. पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी टांगली, तिला खाचा मारलेली कागदी पट्टी डकवली गेली. आणि अस्तराचं कापड उचलून माझ्या हातात देण्यात आलं, कारण तान्ह्या मुलांचा काटा आता रोज सकाळी आठ वाजता लागणार होता.

नवव्या दिवशी मिक्श्चरला फेफरं आलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. गवतावर सरळ चालता चालता एकाएकी हवेत उडाला, अंग पिळलं, डोकं एकीकडे, मागचे पाय दुसरीकडे, खाली आला आणि पुन्हा उडाला. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी एका बाईंच्या बाहीचं माप घेत होते, त्या तशाच एका बाहीच्या कोटात उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघं टोपली घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात. ह्यांनी डॉक्टरीणबाईंना झटक्यांची वेळ, संख्या, दोन झटक्यांमधलं अंतर, सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, मिक्श्चरला उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, काही झालेलं नाही, त्याला आनंद झालाय. आनंद झाला की हे प्राणी अशा उड्या मारतात. तुमच्या भावानं खिशातून पेन्सिल काढली. मग खालच्या आवाजात विचारलं, दिवसातून किती वेळा झाला तर चालेल? वन्सं, बाई हसल्या, पण मला हसू आलं नाही. परतीच्या वाटेवर हे टोपलीतल्या मिक्श्चरशी बोलत होते, आणि बाहीवाल्या बाई अजून तशाच उभ्या होत्या.

खरं भांडण झालं ते पुढे. वहीत मिक्श्चरचं वजन चढायला लागलं. पुडी जागच्या जागी, आणि मिक्श्चर आठवड्याला साठ, सत्तर, नव्वद ग्रॅम! ह्यांनी निदान केलं: खादाडपणा. आणि पथ्य सुरू केलं. मिरची निम्मी, गाजर बंद, पिंजऱ्यात चालायला जास्त जागा. मिक्श्चर पथ्यावर आणि वजन तरीही वर. मला राहवेना. मी टेप घेतली आणि माप काढलं. गळा, छाती, दंड, पोट, चार दिवसांनी पुन्हा गळा, छाती, दंड, पोट. वन्सं, तीस वर्षं मी बायकांचे कपडे उसवून सैल करतेय. माणूस खाऊन वाढतो तेव्हा गळा वाढतो, दंड वाढतो, सगळीकडून वाढतो. इथे गळा तेवढाच, दंड तेवढाच, आणि पोट तेवढं दोन्ही बाजूंनी बाहेर. हे खाल्लेलं नव्हे, मी म्हटलं, हे होणारं आहे. ह्यांनी वही आपटली. दुकानदारानं भाऊ म्हणून सांगितलं आहे! मी टेप आपटली (टेप आपटल्याचा आवाज होत नाही, म्हणून मग कात्री आपटली). ग्रॅम खरे की इंच खरे, ह्यावरून आम्ही सकाळी नऊपासून जेवणापर्यंत भांडलो. मध्येच ते म्हणाले, तुला वजनातलं काय कळतं, आणि मी म्हटलं, तुम्हाला बायकांतलं काय कळतं, आणि मग दोघंही मिक्श्चरकडे बघायला लागलो. वर्षभरातलं पहिलं भांडण. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! टेबलावर खडूने रेघा मारायला जागा उरली नाही.

डॉक्टरीणबाईंनी इंच खरे ठरवले. मिक्श्चर बाई आहे. पुडी बुवा आहे. नावं आता अंगवळणी पडलीत, बदलली नाहीत. पण पथ्याचं ऐकून त्या चांगल्याच तापल्या. पोटुशीला उपाशी ठेवतात का, म्हणाल्या. तुमच्या भावाचं तोंड एवढंसं झालं. अडतीस वर्षांत डोस चुकला नव्हता, आणि चुकला तो हा. त्या दिवशी स्वतः जेवले नाहीत, मिक्श्चरला हाताने गाजर भरवत बसले, आणि मी टेपचा विषय पुन्हा काढला नाही. (त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी काढला.) आणि डॉक्टरीणबाईंनी हेही बजावलं की पिल्लं व्हायच्या आत पुडीला वेगळ्या खोलीत हलवा, नाहीतर ह्या जातीत बाळंतिणीला त्याच दिवशी पुन्हा दिवस राहतात. आता आमच्याकडे खोल्या किती ते तुम्ही जाणताच. एकीत माझं मशीन, एकीत आम्ही, आणि तिसरी तुमची. असा पुडी तुमच्या खोलीत आला, मुद्दाम कुणी आणला नाही. तुमच्या पलंगाला हात लावलेला नाही. कपाटावरचं तुमचं भिंग जिथल्या तिथे आहे.

पिल्लं मागच्या गुरुवारी भर अकरा वाजता झाली. मी शाळेच्या गणवेशांच्या बटणपट्ट्या शिवत होते. मला वाटलं होतं गुलाबी, आंधळी, उंदरासारखी काहीतरी असतील. छे! तिन्ही अंगभर केसांनिशी, डोळे टक्क उघडे, तासाभरात चालायला लागली, दुसऱ्या दिवशी गवत चावायला लागली. जन्मतःच एवढं शहाणं कुणी कसं असतं हे मला अजून कळलेलं नाही. हे नेहमीप्रमाणे त्यांना तान्ह्यांच्या काट्यात ठेवायला गेले, तर सुई जेमतेम हलली. एवढ्याशा जिवाला तो काटा मोठा पडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीपाशी गेले आणि तो पुड्यांचा तराजू घेऊन आले. एका पारड्यात पिल्लू अगदी बरोबर मावलं. दुसऱ्या पारड्यात त्यांनी वजनं ठेवायला सुरुवात केली, पन्नास, वीस, दहा, मग ती बारीक बारीक, चिमट्याने. ब्याऐंशी ग्रॅम. मी वही धरली होती, मला आकडा लिहिता येईना. दहा महिने पुसलेली ती वजनं, वन्सं. एकाचं नाव थेंब, एकीचं चिमूट, आणि सर्वांत बारीक जे, एकाहत्तर ग्रॅमचं, त्याला अजून नाव नाही.

आणि मंगळवारी तुमचं कार्ड आलं. ह्यांनी वाचलं, चौघडी केली, खिशात घातली आणि ‘हं’ म्हणाले. माझ्या एकतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही; तुम्ही पाठवलेला तो शेवाळी स्वेटर अजून घालतात, आणि त्यात ते कसे दिसतात ते मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. बुधवारी माळ्यावरून ते भोकांचं खोकं काढलं. पुसलं. तळाशी गवत घातलं. गुरुवारी दुकानदाराकडे जाऊन तो परत घेईल का म्हणून विचारून आले. तो घेईल म्हणाला. वही कपाटात गेली. काल मी सवयीने टेबलावर रेघा मारल्या. नऊ. त्यात ‘मीठ’सुद्धा नव्हतं.

तेव्हा वन्सं, मी सुरुवातीलाच म्हटलं तशी मी तुमच्याच बाजूची आहे. तुमचा डोळा महत्त्वाचा, त्याबद्दल दुमत नाही. घर तुमचं, खोली तुमची, भाऊही आधी तुमचा, मग माझा नवरा. जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. निर्णय तुम्ही घ्या. तुमचा निर्णय ह्या घरात मानला जातो, तेवढीच काळजी आहे. आता हे गवत आणायला बाहेर गेलेत तोवर पाकीट चिकटवून ठेवते.

तुमची,
शिवणवाली भावजय

ता. क. प्राणी आणि शिवणकाम नांदायचे नाहीत असं वर लिहिलंय, ते तत्त्व म्हणून. प्रत्यक्षात मी त्यांना उरलेल्या लोकरी कापडाच्या दोन गाद्या, एक झोळी आणि तीन दारांचा बोगदा शिवलाय. मशीन सुरू झालं की मिक्श्चर बोगद्यातून बाहेर येऊन माझ्या पायापाशी बसते आणि घुर्र असा आवाज काढत राहते, मशीन थांबलं की थांबते. ती मशीनला काय समजते हे मला शोधून काढायचंय. एवढ्यात ती गेली तर ते राहून जाईल. म्हणजे ह्यांचं नाव पुढे केलं असलं तरी सगळं ह्यांच्यासाठीच आहे असं नाही.

ता. क. दुसरा. मागायचं ते मागितलंच नाही. ह्यांना एक कार्ड टाका. दोन ओळी पुरेत: प्राणी राहू दे, मी येते. मी पत्र लिहिल्याचं त्यात आणू नका. आणि पुडीला तुमच्या खोलीत राहू द्या. त्याचंही एक लहानसं ऑपरेशन आहे, तुमच्याच आठवड्यात, आणि त्यानंतर सहा आठवडे त्याला मिक्श्चरपासून दूर ठेवायचंय. एकटा राहिला की तो खाणं सोडतो. तुम्ही एकट्या राहू शकता, ते मी अकरा वर्षं पाहतेय. त्याला नाही जमत. तुम्हालाही महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, स्वस्थ बसायचं आहे. मांडीवर पाऊण किलोचं काहीतरी ऊबदार असलं तर बसवेल. तो मांडीवर निजला की मात्र हलायचं नाही, लगेच दचकतो. आणि त्या तिसऱ्या पिल्लाचं नाव तुम्ही येऊन ठेवायचं आहे, म्हणून कुणी ठेवलेलं नाही.

ता. क. तिसरा. पाकीट पुन्हा उघडावं लागलं, कारण ते आधीच कुणीतरी उघडलेलं होतं. मी भाजीला गेले होते तेवढ्यात. आत पत्र होतं तसंच होतं, पण त्याच्या पाठीवर दवाखान्यातली लाल काठाची चिठ्ठी डकवलेली सापडली. मी सुईने सोडवायला गेले, तर निघेना (तुमच्या भावाची खळ!), म्हणून तशीच पाठवतेय. मला ह्यांनी काहीच विचारलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. खोकं मात्र मोडून घडी करून रद्दीत ठेवलेलं दिसलं. चिठ्ठीवरच्या पहिल्या चार ओळींतले शब्द मी मोजले. अकराच आहेत. पण त्यांत एकही ‘हं’ नाही.

अक्का,
तू ये.
डोळ्याचे थेंब मी घालीन.
ही पाचही इथेच राहतील.

पुडी : सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, मांडीवर.
घेतल्यावर हलू नये.